बडोद्यात बसून पांढऱ्या शार्कचा माग कसा वाचायचा

टॅग लावलेल्या शार्कचे नकाशे आता कोणालाही मोबाइलवर बघता येतात. शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी विषय उत्तम आहे. पण बहुतेक प्रकल्प एकाच जागी फसतात. ठिपके दिसले की मुलं रेघेने जोडतात आणि खाली लिहितात, ‘शार्क किनाऱ्याजवळ आला, धोका वाढला.’ प्रत्येक ठिपक्यामागे एक यंत्र असतं आणि त्या यंत्राची ठरावीक चूक असते. ती चूक किती, हे कळल्याशिवाय पुढचं काही लिहू नका.

म्हणून आधी टॅग कुठला आहे ते शोधा. पाठीवरच्या परावर बसवलेला उपग्रह-टॅग पर पाण्याबाहेर आला तरच संदेश पाठवतो. उपग्रह डोक्यावरून जात असताना किती संदेश मिळाले, त्यावर जागेचा दर्जा ठरतो. हे संदेश उपग्रहांवरून टिपणाऱ्या आर्गोस यंत्रणेत दर्जा ३ म्हणजे चूक २५० मीटरच्या आत, २ म्हणजे २५० ते ५०० मीटर, १ म्हणजे ५०० ते १,५०० मीटर आणि ० म्हणजे त्याहून जास्त. ‘ए’ आणि ‘बी’ या दर्जांत संदेश इतके कमी असतात की चूक किती याचा अंदाजही दिला जात नाही. ‘झेड’ ही जागा धरायचीच नाही. टॅग बोलला, एवढाच त्याचा अर्थ. सार्वजनिक नकाशावर दर्जा बहुधा दिसत नाही. अशा वेळी प्रत्येक ठिपक्याभोवती १० किमी त्रिज्येचं वर्तुळ धरून काम करा. जुन्या शहरातल्या मांडवीला केंद्र मानून एवढं वर्तुळ काढलं, तर छाणीपासून मकरपुऱ्यापर्यंत सगळं बडोदं त्यात मावतं. इतक्या जाड ठिपक्यावरून ‘अमुक समुद्रकिनाऱ्यापाशी शार्क’ असं कोणी लिहिणार नाही.

ध्वनी-टॅग वेगळा. तो सांकेतिक आवाज सोडतो आणि पाण्याखाली ठेवलेला ग्राहक (आवाज टिपणारं यंत्र) तो ऐकतो. ऐकण्याचा पल्ला साधारण काहीशे मीटर. जागा अचूक मिळते, पण फक्त जिथे माणसांनी ग्राहक ठेवलेत तिथलीच. असा नकाशा बघताना ग्राहकांच्या जागा आधी कागदावर मांडा, शार्कच्या नोंदी नंतर. नाहीतर ‘शार्कला ही खाडी आवडते’ असा निष्कर्ष निघतो आणि खरं कारण एवढंच असतं की ग्राहक त्या खाडीत आहे.

तिसरा प्रकार मुलांना सगळ्यात जास्त शिकवतो. हा टॅग स्नायूत रोवलेला असतो. खोली, तापमान आणि उजेड नोंदवत राहतो आणि आधी ठरवलेल्या तारखेला सुटून पाण्यावर येतो. पाण्याखाली उपग्रहाचा संपर्क नसतो, त्यामुळे जागा उजेडावरून काढतात. सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या मध्यावरून रेखांश, दिवसाच्या लांबीवरून अक्षांश. हे पुस्तकातून पटत नाही. गच्चीवर करून बघा.

त्यासाठी १५ एप्रिलच्या आसपासचा निरभ्र दिवस निवडा. त्या सुमारास सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ यांच्यातला ऋतूनुसार पडणारा फरक शून्याच्या जवळ असतो, म्हणजे वेगळी दुरुस्ती करावी लागत नाही. सपाट गच्चीवर १ मीटरची सरळ काठी ओळंब्याने उभी करा. बुडाशी दोरी बांधून खडूने ६० सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. सकाळी आखडत येणारी सावली १०.४० च्या सुमारास वर्तुळाला टेकेल, दुपारी वाढत जाऊन अडीचनंतर पुन्हा टेकेल. दोन्ही वेळा मोबाइलच्या घड्याळावर मिनिटापर्यंत टिपा आणि मध्य काढा. तो १२.३७ च्या आसपास यायला हवा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि सूर्याला एक अंश सरकायला ४ मिनिटं लागतात. ३७ मिनिटं म्हणजे सव्वानऊ अंश, ८२.५ मधून वजा केले की ७३.२५. बडोदं ७३.२ वर आहे.

आता चुका बघा. काठीच्या टोकाची सावली पुसट असते आणि त्या वेळी ती मिनिटाला जेमतेम ५ मिलिमीटर सरकते. मध्यान्हाची वेळ एका मिनिटाने चुकली की पाव अंश, म्हणजे आपल्या अक्षांशावर सुमारे २६ किमी. शार्कच्या बाबतीत भर अशी की तो पहाटे खोल बुडी मारून बसला तर टॅगला सूर्योदय उशिरा ‘दिसतो’ आणि रेखांश सरकतो. अक्षांशाचं दुखणं आणखी मोठं आहे. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आगेमागे पृथ्वीवर सगळीकडे दिवस जवळपास १२ तासांचा असतो, त्यामुळे दिवसाच्या लांबीवरून अक्षांश निघतच नाही. या दिवसांत अशा टॅगचा मार्ग उत्तर-दक्षिण भरकटलेला दिसला तर शार्कला दोष देऊ नका. ते बिंदू फिक्या रंगात ठेवा.

एवढं झालं की तक्ता करा. रकाने पाच: तारीख-वेळ, अक्षांश, रेखांश, दर्जा, टॅगचा प्रकार. वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत दिलेली असते. ती तशीच ठेवा. एका नोंदीत साडेपाच तास मिळवले आणि दुसरीत विसरले, तर वेगाचे आकडे वेडेवाकडे येतात. दक्षिण अक्षांशाला उणे चिन्ह लावा. दक्षिण आफ्रिकेतलं खान्सबाय साधारण ३४.६ दक्षिण, १९.३ पूर्व इथे आहे. उणे विसरलात तर ठिपका लिबियाच्या उत्तरेला भूमध्य समुद्रात पडतो. तिथे समुद्रच आहे आणि पांढरे शार्कही आहेत, म्हणून चूक कोणाच्या लक्षात येत नाही. न्यूझीलंडच्या बाजूचे शार्क १८० अंशांची रेषा ओलांडतात, तेव्हा नकाशावर एक रेघ जगभर आडवी जाते. तिथे रेखांश ० ते ३६० या मापात लिहा.

मग वेगाची चाळणी. लागोपाठच्या दोन बिंदूंतलं अंतर भागिले वेळ. सलग ताशी १० किमीपेक्षा जास्त वेग आला तर दोनपैकी कमी दर्जाचा बिंदू काढा. मात्र दहा-पंधरा मिनिटांच्या फरकाचे बिंदू या चाळणीत घालू नका. दोन्हींची चूक मिळून मधलं अंतर फुगतं आणि चांगला बिंदूही बाद होतो. दिवसाचा सर्वात चांगल्या दर्जाचा एकच बिंदू ठेवणं सोपं पडतं.

अंतर सपाट नकाशावर पट्टीने मोजू नका. ३० सेंमी व्यासाचा पृथ्वीगोल घ्या. त्यावर १ सेंमी म्हणजे सुमारे ४२५ किमी. सरावाला निकोल नावाच्या मादीचा प्रवास घ्या. २००३ च्या नोव्हेंबरात तिला दक्षिण आफ्रिकेत टॅग लावला आणि ९९ दिवसांत ती ११ हजार किमीहून जास्त अंतर कापून पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळ पोचली. गोलावर २६ सेंमी दोरा लागतो. दिवसाला सरासरी १११ किमी, ताशी साडेचारहून थोडं अधिक. टॅग लावल्यापासून नऊ महिन्यांच्या आत ती आफ्रिकेच्या पाण्यात परत दिसली, तीही टॅगमुळे नव्हे, परावरच्या खुणांच्या फोटोंवरून. दोन्ही टोकांना पांढऱ्या शार्कला कायद्याचं संरक्षण होतं (दक्षिण आफ्रिकेने ते १९९१ मध्येच दिलं), मधल्या खुल्या समुद्रात लांब दोरांच्या गळांची मासेमारी. मासेमारीशी संघर्ष कुठे होतो, ते दोऱ्याच्या मधल्या भागाकडे बघूनच समजतं. ग्लोबल फिशिंग वॉचचा मासेमारी बोटींचा मोफत नकाशा शेजारी उघडा. त्यातल्या नोंदी २०१२ पासूनच्या आहेत, म्हणून निकोलसाठी नंतरच्या एखाद्या वर्षातले तेच महिने बघा. तिथे मुख्यतः ओळख-संदेश पाठवणाऱ्या बोटी दिसतात. छोट्या होड्या बहुतेक सुटतात, हे टीपेत लिहा.

टॅग गप्प झाला तर ‘शार्क मेला’ लिहू नका. बॅटरी संपते, टॅगवर शिंपले-शेवाळ चढतं, तो तुटतो, किंवा शार्क महिनोन्‌महिने वर येत नाही. बोटीने पकडल्याचा संशय घ्यायचा तर उलटं चिन्ह बघा: टॅग सलग तासन्‌तास संदेश देतोय आणि ठिपका सरळ बंदराकडे चाललाय.

हल्ल्यांबद्दल लिहिताना जास्त जपा. बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या काठच्या मुलांना हे लवकर कळतं, कारण मगर दिसणं आणि मगरीने माणूस धरणं या तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शार्कच्या ठिपक्यातही हल्ल्याची माहिती नसते. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये १९३७ पासून किनाऱ्यांवर जाळी लावतात. जाळं १५० मीटर लांब आणि ६ मीटर उंच. बाजूने आणि वरूनही शार्क जाऊ शकतो, आणि कासवं, डॉल्फिन अडकून मरतात. तिथेच आता आमिष लावलेले, संदेश देणारे गळ वापरतात: शार्क लागला की पथक अर्ध्या तासात पोचतं, टॅग लावतं आणि किनाऱ्यापासून साधारण एक किमी दूर समुद्रात नेऊन सोडतं. या शार्कच्या पहिल्या काही दिवसांच्या हालचाली विश्लेषणातून वगळा. मासा धरला गेलाय, ओढला गेलाय, तो त्याचा रोजचा मार्ग नव्हे.

खान्सबायचे ठिपके कोणी निवडले तर २०१७ नंतर ते विरळ होत जातात. ‘पोर्ट’ आणि ‘स्टारबोर्ड’ नावाच्या दोन ऑर्का (किलर व्हेल) नरांनी तिथे शार्क मारून यकृतं खाल्ली. पांढऱ्या शार्कच्या भक्ष्यात येणाऱ्या छोट्या शार्कची गळाने होणारी मासेमारी हेही कारण असल्याचं काही अभ्यासक मांडतात. दोन्ही कारणं लिहा. कुठलं किती, हे ठिपके सांगू शकत नाहीत.

प्रकल्पाच्या तक्त्यावर रेघेखाली चार गोष्टी ठळक हव्यात: एकूण किती शार्कना टॅग होता, कुठल्या प्रकारचा, किती बिंदू गाळले, आणि किती दिवसांची एकही नोंद नाही. नोंद नसलेल्या दिवसांत रेघ तुटक काढा.