इतर धर्मीयांचे तारण: ख्रिस्ती भूमिका कशी वाचावी

ख्रिस्ती नसलेल्या माणसाचे तारण होऊ शकते का, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर मिळाले तर ते बहुधा अर्धेच असते, कारण या एका प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न दडलेले आहेत. तारण होते ते कोणामुळे, हा पहिला. आणि ज्याचे तारण होते त्याला ते कोणामुळे झाले हे ठाऊक असावे लागते का, हा दुसरा. या विषयावरचा कोणताही उतारा, प्रवचन किंवा लेख हाती आला की वाचनाला बसण्यापूर्वीच हे दोन प्रश्न वेगवेगळे लिहून ठेवावेत आणि समोरचा लेखक त्यांपैकी नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहे ते तपासावे. अनेक वाद केवळ एकाने पहिल्याचे आणि दुसऱ्याने दुसऱ्याचे उत्तर दिल्यामुळे पेटलेले असतात.

मराठी वाचकाला आधी एका शब्दाची काळजी घ्यावी लागते. व्यवहारात 'तारण' म्हणजे कर्जापोटी ठेवलेले गहाण, आणि धर्मचर्चेत तोच शब्द आला की मन त्याचा अर्थ परस्पर 'मोक्ष' असा लावून मोकळे होते. हे दोन्ही अर्थ बाजूला ठेवावेत. ख्रिस्ती परिभाषेत तारण म्हणजे पाप आणि मृत्यू यांपासून सुटका व देवाशी तुटलेले नाते पुन्हा जुळणे. जन्ममरणाचा फेरा चुकणे ही कल्पना त्यात नाही. अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ मार्क हाइम यांनी 1995 साली हाच धागा पुढे नेऊन असे मांडले, की निरनिराळे धर्म मुळात निरनिराळ्या साध्यांकडे निघालेले असू शकतात. मग 'सगळे रस्ते एकाच गावाला जातात का' हा प्रश्न विचारण्याआधी सगळ्यांना त्याच गावाला जायचे आहे का, हे विचारावे लागते.

यानंतर बायबलमधील वचने काढावीत, पण एकाच बाजूची नव्हेत. योहानाच्या शुभवर्तमानात (14:6) येशू म्हणतो, की त्याच्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत (4:12) येशूचा शिष्य पेत्र सांगतो, की तारणासाठी दुसरे नाव दिलेले नाही. त्यांच्यासमोर तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र (2:4) ठेवावे, ज्यात सर्व माणसांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा असल्याचे म्हटले आहे, आणि रोमकरांस पत्र (2:14-15) ठेवावे, ज्यात मोशेचे नियमशास्त्र नसलेल्या परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, अंतःकरणावर नियमशास्त्राचे कार्य लिहिलेले असल्याचे प्रेषित पौल सांगतो. पहिली दोन वचने मुख्यतः 'कोणामुळे' याविषयी बोलतात. 'ठाऊक असावे लागते का' याचे थेट उत्तर त्यांत आहे की वाचणारा ते तिथे ठेवतो, यावरच खरा मतभेद आहे.

वेळ थोडा असेल तर एकच प्रकरण पुरे: प्रेषितांची कृत्ये, दहावे, आणि त्याला जोडून अकराव्याचा पूर्वार्ध. कैसरियात कर्नेल्य नावाचा रोमी शताधिपती, म्हणजे सैन्यातला अधिकारी, आहे; ना यहुदी, ना ख्रिस्ती. तो प्रार्थना करतो, दानधर्म करतो, आणि त्याच्या प्रार्थना व दाने देवापर्यंत पोहोचली आहेत असे देवदूत त्याला सांगतो. पुढे पेत्र कबूल करतो, की देव पक्षपाती नाही आणि प्रत्येक राष्ट्रात जो त्याचे भय बाळगतो व नीतीने वागतो तो त्याला मान्य आहे (10:34-35). उदार बाजूचे लेखक येथे थांबतात. पण त्याच देवदूताने यापो या गावाहून पेत्राला बोलावून घ्यायला सांगितले होते, आणि 11:14 मध्ये त्याचा निरोप पुन्हा येतो तेव्हा त्यात भविष्यकाळ आहे: ज्या योगे तुझे तारण होईल अशा गोष्टी पेत्र तुला सांगेल. कठोर बाजूचे लेखक या 'होईल'वर बोट ठेवतात. त्यातही एक गोम अशी, की पेत्राचे बोलणे संपण्याआधीच पवित्र आत्मा उतरतो आणि बाप्तिस्मा नंतर होतो. हे प्रकरण अर्धे उद्धृत करणाऱ्यावर, तो कोणत्याही बाजूचा असो, मी सहसा विसंबत नाही.

इतिहासातले विधान समोर आले तर ते कोणाला उद्देशून होते, हे आधी शोधावे. 'चर्चबाहेर तारण नाही' हे सूत्र कार्थेजचा बिशप सिप्रियन याच्या नावावर सांगितले जाते. पण 256 च्या सुमाराचे त्याचे ते पत्र पाखंडी गटांनी दिलेल्या बाप्तिस्म्याविषयी होते, इतर धर्मांविषयी नव्हते. फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेचा 1442 चा आदेश मात्र संदिग्ध नाही: मूर्तिपूजक, यहुदी, पाखंडी आणि फुटीर हे मृत्यूपूर्वी चर्चमध्ये सामील झाले नाहीत तर सार्वकालिक अग्नीत जातील, असे तो नावानिशी म्हणतो. सुवार्ता जवळजवळ सगळ्या जगात पोहोचली आहे, ज्याने ती स्वीकारली नाही त्याने ती जाणूनबुजून नाकारली, हा त्या काळचा समज त्यामागे होता. पन्नास वर्षांनी, 1492 मध्ये, अटलांटिकपलीकडच्या लोकांची गाठ पडली आणि या समजाचा पायाच हलला.

पुढची वाट लांब आहे. पोप नववा पायस याने 1863 मध्ये, स्वतःचा दोष नसताना अज्ञानात राहिलेल्या पण सरळ जीवन जगणाऱ्या माणसांना देवाच्या कृपेने सार्वकालिक जीवन मिळू शकते, असे मान्य केले. बॉस्टनचे कॅथोलिक धर्मगुरू लेनर्ड फीनी जुन्या सूत्राचा अक्षरशः अर्थ घेऊन अडून बसले, तेव्हा 1949 मध्ये रोमने, म्हणजे पोपच्या कारभाराने, तो अर्थ चुकीचा ठरवला आणि 1953 मध्ये आज्ञाभंगाच्या कारणावरून त्यांना बहिष्कृत केले.

कॅथोलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेचे चर्चविषयक घोषणापत्र (1964) वाचताना त्याचे सोळावे कलम शब्द मोजून वाचावे. ख्रिस्ताचे शुभवर्तमान ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय अज्ञात राहिले, जे प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतात आणि कृपेच्या प्रेरणेने सदसद्विवेकानुसार वागण्याचा यत्न करतात, त्यांना तारण 'प्राप्त होऊ शकते' असे तेथे म्हटले आहे. सांगोवांगीत 'दोषाशिवाय' आणि 'कृपेच्या प्रेरणेने' हे शब्द गळतात, आणि 'होऊ शकते' याचे 'होते' होऊन बसते. आपल्या दोन प्रश्नांच्या भाषेत सांगायचे तर पहिले उत्तर जागचे हललेले नाही, तारण ख्रिस्तामुळेच. सैल झाले आहे ते दुसरे. म्हणूनच 2000 साली रोमने काढलेल्या घोषणेत, इतर धर्मीयांना कृपा मिळू शकते पण त्यांची स्थिती वस्तुतः गंभीररीत्या अपुरी आहे, असे शब्द आले तेव्हा ज्यांनी 1964 चे कलम नीट वाचले होते त्यांना फारसे आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते.

प्रोटेस्टंट बाजू एकसुरी समजू नये. झ्यूरिकचा धर्मसुधारक झ्विंगली याने 1531 मध्ये सॉक्रेटिसला आणि चक्क ग्रीक पुराणकथांतल्या हर्क्युलिसलाही स्वर्गात जागा दिली आणि जर्मन धर्मसुधारक ल्यूथर त्यावर संतापला. इंग्लंडमध्ये तयार झालेला वेस्टमिन्स्टरचा विश्वासलेख (1647) ख्रिस्ती धर्म न मानणाऱ्यांना दार बंद करतो. पण त्याच प्रकरणात बालपणी मरण पावलेल्या आणि वचन ऐकण्यास असमर्थ असलेल्या, पण देवाने तारणासाठी निवडलेल्या माणसांसाठी एक फट ठेवतो. कोणत्याही कठोर मताची परीक्षा अशा अपवादांवर घ्यावी. ख्रिस्तापूर्वीच्या अब्राहामाचे काय, इस्राएली नसलेल्या ईयोबाचे काय, तान्ह्या बाळाचे काय, असे विचारले की 'ठाऊक असणे' म्हणजे नेमके किती ठाऊक असणे, हे उत्तर देणाऱ्याला सांगावेच लागते.

अनन्यतावाद, समावेशवाद आणि बहुलतावाद ही ब्रिटिश धर्मशास्त्रज्ञ ॲलन रेस यांची 1983 ची विभागणी सोयीची आहे, पण तिच्यावर फार भार टाकू नये. पहिल्या मतात तारण ख्रिस्तामुळे आणि ते ठाऊक असणे आवश्यक. दुसऱ्यात ख्रिस्तामुळे, पण ठाऊक असणे अनिवार्य नाही. जर्मन कॅथोलिक धर्मशास्त्रज्ञ कार्ल राहनर यांची 'अनामिक ख्रिस्ती' (स्वतःला ख्रिस्ती न म्हणताही ख्रिस्ताच्या कृपेत जगणारा माणूस) ही कल्पना या दुसऱ्या मतातली, आणि तिच्यावरचा आक्षेप रास्त आहे: दुसऱ्या धर्मातल्या माणसाला न विचारता त्याच्यावर आपले नाव चिकटवणे त्याला मानाचे वाटेलच असे नाही. तिसऱ्यात ख्रिस्त हा तारणाचा एकमेव मार्ग उरत नाही. या मताचे ब्रिटिश तत्त्वज्ञ जॉन हिक यांनी 1973 मध्ये, पृथ्वीऐवजी सूर्याला मध्यभागी ठेवणाऱ्या कोपर्निकसचा दाखला देऊन, मध्यभागी ख्रिस्ती धर्माऐवजी देवाला ठेवले. हे वाचायला मोकळे वाटते, पण येथे पहिल्या प्रश्नाचेच उत्तर बदलते आणि येशू हाच देहधारी देव हा विश्वास रूपकापुरता उरतो. ही किंमत हिक यांनी उघडपणे मोजली. त्यांचा दाखला देणारे पुष्कळ जण ती सांगत नाहीत.

एखाद्या ख्रिस्ती व्यक्तीशी प्रत्यक्ष बोलायचे असेल तर 'मी नरकात जाणार का' अशी सुरुवात करू नये. समोरचा एकतर संकोचून गुळमुळीत बोलतो किंवा बचावाचा पवित्रा घेतो. त्याऐवजी कर्नेल्याचे तारण कोणत्या क्षणी झाले, असे विचारावे: प्रार्थना करताना, पेत्राचे ऐकताना, की बाप्तिस्म्याच्या वेळी. उत्तर आले की ते आपल्या दोन प्रश्नांखाली लिहावे. आणि बोलणारा 'सर्वांचेच तारण होईल' असे म्हणाला तर ते तिसऱ्या ओळीत वेगळे टिपावे, कारण तो तिसऱ्या शतकातल्या ऑरिजेन या धर्मशास्त्रज्ञापासून चालत आलेला निराळाच वाद आहे: इतरांचे तारण 'होऊ शकते' असे मानणारे कितीतरी जण सर्वांचे 'होईलच' असे म्हणायला तयार नसतात.