अंडे अडकलेल्या कोंबडीची काळजी

कोंबडीने अंडी देणे थांबवले की औषध शोधण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी लागते: ती अंडे देत नाही, की तिला अंडे देता येत नाही? पहिल्या स्थितीत काही आठवडे वाट पाहिली तरी सहसा बिघडत नाही. दुसऱ्या स्थितीत एक दिवस दवडणेही तिच्या जिवावर बेतू शकते.

अंडी बंद होण्याची बरीचशी कारणे निरुपद्रवी असतात. नियमित अंडी देण्यासाठी कोंबडीला दिवसाकाठी १४ ते १६ तास उजेड लागतो, त्यामुळे दिवस लहान झाले की अंडी कमी होतात. पिसे झडण्याच्या काळात आहारातील प्रथिने नव्या पिसांसाठी खर्ची पडतात, आणि खुडूक झालेली कोंबडी तर अंडी न देता नुसती बसूनच राहते. शेपटीखालील द्वाराच्या दोन्ही बाजूंना जी टोकदार हाडे हाताला लागतात, त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटे मावत असतील तर कोंबडी अंड्यावर आहे, म्हणजे अंडी देण्याच्या काळात आहे, असे समजावे. जेमतेम एक बोट मावत असेल आणि तुराही फिका व आखडलेला असेल, तर ती सध्या अंड्यावर नाही. अंड्यावर असलेली, तरतरीत कोंबडी खुराड्यात अंडे देत नसेल, तर आजाराची शंका घेण्याआधी आसपासची झुडपे आणि अडगळ धुंडाळावी.

अंडे अडकलेली कोंबडी मात्र वेगळी दिसते. ती वारंवार खुराड्यात जाऊन रिकामीच बाहेर येते, शेपटी खाली पाडून ताठ उभी राहते, डोळे अर्धवट मिटून जोर काढते आणि खाणे सोडते. अडकलेल्या अंड्याचा दाब पडल्यामुळे तिची विष्ठाही थांबू शकते. एक अंडे तयार होण्यास सुमारे २५ तास लागतात आणि त्यांपैकी जवळजवळ २० तास केवळ कवच चढण्यात जातात. कवचासाठी कॅल्शियम लागते, तसेच अंडे बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही ते लागते. म्हणूनच कॅल्शियम कमी पडले की एकीकडे कवच मऊ होते आणि दुसरीकडे ते अंडे ढकलण्याची ताकदही उरत नाही. नुकतीच अंड्यावर आलेली तलंग (तरुण कोंबडी), लठ्ठ कोंबडी आणि नेहमीपेक्षा मोठे अंडे, येथे हा धोका अधिक असतो.

अशा कोंबडीला प्रथम इतरांपासून वेगळे करावे. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, त्यामुळे टबात ३८ ते ४० अंशांचे पाणी घेऊन तिचे पोट व शेपटीखालचा भाग त्यात १५ ते २० मिनिटे बुडेल असे तिला धरून ठेवावे. पाणी निवत आले की बदलावे. नंतर तिला पूर्ण कोरडे करून, द्वाराभोवती वंगण म्हणून साधे पेट्रोलियम जेली लावून, उबदार, अंधाऱ्या आणि शांत जागी ठेवावे व समोर पाणी ठेवावे. पातळ कॅल्शियम उपलब्ध असल्यास त्याची मात्रा पशुवैद्यकाला विचारूनच द्यावी. पोट दाबून अंडे बाहेर काढण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण अंडे आत फुटले तर कवचाच्या धारेने अंडनलिकेला जखम होते आणि संसर्ग पसरतो. काही तासांत अंडे बाहेर न आल्यास, किंवा कोंबडी मान टाकू लागल्यास, त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे.

जोर काढताना आतील लालसर भाग बाहेर आला असेल, तर वेगळे ठेवणे आणखी निकडीचे ठरते. लाल रंग दिसताच इतर कोंबड्या तेथे चोची मारतात. तो भाग स्वच्छ कोमट पाण्याने धुऊन ओलसर ठेवावा आणि तिला उपचारासाठी न्यावे. पोट फुगलेले, पाणी भरल्यासारखे लागत असेल तर हा घरगुती उपचाराचा विषय नव्हे.

वारंवार मऊ किंवा बिनकवचाची अंडी येत असतील तर आधी खाद्य तपासावे. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात सुमारे १६ टक्के प्रथिने आणि ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असावे. वरचेवर टाकलेल्या दाण्यांनी आणि उष्ट्याखरकट्याने, ते कितीही प्रेमाने दिलेले असले तरी, हे प्रमाण बिघडते. शिंपल्यांचा चुरा खाद्यात न मिसळता वेगळ्या भांड्यात ठेवावा, म्हणजे जिला गरज आहे ती खाते. पिल्लांना मात्र हे जास्त कॅल्शियमचे खाद्य देऊ नये, त्याने मूत्रपिंडांना इजा होते. कडक उन्हाळ्यात धापा टाकल्यामुळेही कवच पातळ होते, म्हणून सावली आणि थंड पाणी सतत हवे.

औषधोपचार चालू असताना आणि त्यानंतर किती दिवस अंडी खाऊ नयेत, हे पशुवैद्यकाला विचारून घ्यावे. ज्या कोंबडीचे अंडे पुन्हा पुन्हा अडकते, तिला कृत्रिम उजेड देऊन अंड्यावर ठेवू नये.