ड्रोन उडवण्याआधी आकाशाचे नियम कसे पाहावेत

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या पॅलिसेड्स भागात वणवा पेटला होता. तो विझवायला आलेल्या एका विमानाच्या डाव्या पंखावर एक छोटा खासगी ड्रोन आदळला. पंखाला सुमारे तीन इंच बाय सहा इंचांचं भोक पडलं आणि ऐन आगीत ते विमान दुरुस्तीला गेलं. ड्रोन उडवणाऱ्याला आगीनं झालेलं नुकसान वरून पाहायचं होतं, एवढंच. ड्रोन अडीच किलोमीटरहून लांब गेला, मग त्याला दिसेनासा झाला. त्या भागात तेव्हा ड्रोनवर तात्पुरती बंदी होती.

नियम कटकटीचे वाटतात तेव्हा ते भोक आठवावं. पहिल्या उड्डाणाआधी काय काय पाहायचं, ते आता क्रमानं सांगतो.

१. आकाश कोणाचं, ते पाहा. १९४४ च्या शिकागो करारानं, म्हणजे हवाई वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय करारानं, प्रत्येक देशाचा आपल्या भूमीवरच्या आकाशावरचा पूर्ण ताबा मान्य केला. वैमानिकाविना उडणारं विमान दुसऱ्या देशावरून न्यायचं तर त्या देशाची खास परवानगी हवी, असं कलमही त्यात तेव्हापासून आहे. त्यामुळे नियम देशागणिक बदलतात. अमेरिकेत ते एफएए ही हवाई वाहतूक यंत्रणा करते, भारतात डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) पाहते, युरोपीय संघात ईएएसए या संघाच्या हवाई सुरक्षा संस्थेच्या चौकटीत प्रत्येक देशाची यंत्रणा काम करते. नियम या यंत्रणांच्याच संकेतस्थळावर वाचा. दोन वर्षांपूर्वीचा एखादा व्हिडिओ पाहून बाहेर पडू नका, कारण या क्षेत्रात नियम भराभर बदलतात. परदेशी जाणार असाल तर ड्रोन बॅगेत टाकण्याआधीच चौकशी करा. मोरोक्को आणि इजिप्तमध्ये पूर्वपरवानगीशिवाय ड्रोन देशात आणायलाच मनाई आहे.

२. वजन करा. डब्यावरचा आकडा धरू नका. बॅटरी, पंखे, मेमरी कार्ड, सगळं लावून ड्रोन काट्यावर ठेवा. २५० ग्रॅम ही बऱ्याच देशांनी मानलेली रेषा आहे आणि म्हणूनच बाजारात २४९ ग्रॅमचे ड्रोन दिसतात. त्यावर पंख्यांचं संरक्षक कडं किंवा मोठी बॅटरी चढवली की तोच ड्रोन वरच्या वर्गात जातो. भारतात २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे दोन किलोपर्यंत मायक्रो आणि २५ किलोपर्यंत स्मॉल असे वर्ग आहेत. अमेरिकेत हौसेसाठी २५० ग्रॅमखालचा ड्रोन उडवताना नोंदणी लागत नाही. युरोपात मात्र त्याच हलक्या ड्रोनला कॅमेरा असेल आणि तो खेळणं या प्रकारात मोडत नसेल, तर उडवणाऱ्याला नोंदणी करावीच लागते.

३. हौस की काम, ते ठरवा. अमेरिकेत या दोन्हींचे नियम वेगळे आहेत. मित्राचं घर विकायला काढलंय म्हणून जाहिरातीसाठी फुकट फोटो काढून दिले, तरी ती हौस धरली जात नाही. युरोप हा भेद करत नाही. तिथे धोका किती, यावरून ‘खुला’, ‘विशिष्ट’ आणि ‘प्रमाणित’ असे तीन गट पडतात. मला ही पद्धत जास्त पटते. खाली चालणाऱ्या माणसाच्या डोक्यावर ड्रोन पडला, तर तो पैशांसाठी उडत होता की नाही यानं काय फरक पडतो?

४. नकाशा त्याच दिवशी पाहा. भारतात डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरच्या नकाशावर हिरवे, पिवळे आणि लाल विभाग असतात. लाल विभागात केंद्र सरकारची परवानगी लागते, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळाजवळ ड्रोन दिसल्याच्या बातम्यांनीच सुमारे एक हजार उड्डाणं अडली. त्यानंतर ब्रिटननं विमानतळांभोवतीचं प्रतिबंधित क्षेत्र वाढवलं. शिवाय वणवा, मोठी सभा, नेत्यांचा दौरा अशा वेळी तात्पुरती बंदी येते आणि ती वैमानिकांना दिल्या जाणाऱ्या सूचनांमध्ये, म्हणजे नोटॅममध्ये निघते. काल मोकळं असलेलं आकाश आज बंद असू शकतं. ड्रोनच्या ॲपनं अडवलं नाही म्हणजे परवानगी मिळाली, असं तर अजिबात धरू नका.

५. उंची जमिनीपासून मोजा. इथे चांगली जाणती माणसंही चुकतात. बहुतेक ठिकाणी मर्यादा ४०० फूट, म्हणजे साधारण १२० मीटर आहे. माणसं नेणारी विमानं बहुधा ५०० फुटांच्या वर राहतात, मधली जागा सुरक्षेसाठी सोडलेली असते. पण रिमोटच्या पडद्यावर दिसणारी उंची ही ड्रोन जिथून उडाला तिथपासूनची असते. समजा, तुम्ही कड्याच्या टोकावर उभे आहात आणि समोरची दरी ३०० मीटर खोल आहे. ड्रोन सरळ पुढे नेला तर पडदा शून्य मीटर दाखवेल आणि खालच्या जमिनीपासून ड्रोन ३०० मीटरवर असेल. दरीतून जाणाऱ्या हेलिकॉप्टरच्या अगदी वाटेत! डोंगरात उडवायचं तर ड्रोन उताराला धरून ठेवा.

६. ड्रोन डोळ्यांनी दिसला पाहिजे. कॅमेरा फक्त समोरचं दाखवतो. मागून काय येतंय ते त्यात कळत नाही, आणि विमानाच्या वैमानिकाला एवढासा ड्रोन दिसण्याची आशा नसते. वाट देण्याची जबाबदारी म्हणून पूर्ण तुमची. ड्रोनच्या कॅमेऱ्याचं दृश्य दाखवणारा गॉगल डोळ्यांवर चढवून उडवत असाल तर शेजारी आकाशाकडे पाहणारा दुसरा माणूस हवाच.

७. जमिनीच्या मालकालाही विचारा. हवाई यंत्रणेची परवानगी असली तरी उद्यान, स्मारक किंवा खासगी जागा जिच्या ताब्यात आहे ती संस्था तिथून ड्रोन उडवायला मनाई करू शकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून तशी बंदी आहे. दुसऱ्याच्या गच्चीवर किंवा खिडकीत कॅमेरा नेणं हा वेगळ्या कायद्याचा विषय आहे, आणि कायदा नसता तरी ते करू नये.

उडवायला लागल्यावर हेलिकॉप्टरचा आवाज आला, तर ड्रोन आपोआप परत आणणारं ‘घरी परत’चं बटण दाबू नका. पुष्कळ ड्रोन त्या बटणावर आधी ठरवलेल्या उंचीपर्यंत वर चढतात आणि मगच परत फिरतात. खाली माणसं नाहीत ना ते पाहा आणि रिमोटवरची काडी ओढून हातानं ड्रोन थेट खाली आणा.