सुपरव्हिजन सुरू आहे, तरी शिकवणं तिथंच अडलंय? माइंडफुलनेस शिक्षकांनो, या चुका टाळा

माइंडफुलनेसचा, म्हणजे सजगतेच्या सरावाचा, आठ आठवड्यांचा कोर्स शिकवणारे आपल्याकडे वाढत आहेत. पुण्यात किंवा नाशिकमध्ये बसून परदेशी संस्थेचं प्रशिक्षण ऑनलाइन पूर्ण करता येतं. पहिली बॅच ओळखीच्या लोकांतून भरते, पुढची एखाद्या कंपनीत किंवा शाळेत होते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. माइंडफुलनेस शिक्षकाला मात्र कुठलाही सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे वर्गात काय चाललंय हे विचारणारंही कोणी नसतं. ब्रिटनमध्ये बाम्बा ही शिक्षकांची संघटना आपल्या शिक्षकांकडून नियमित सुपरव्हिजनची, म्हणजे अनुभवी शिक्षकाबरोबर बसून आपलं शिकवणं तपासून पाहण्याची, अपेक्षा ठेवते. इथे तो आग्रह आपला आपणच धरायचा आहे.

काही जण तो धरतातही. महिन्यातून एकदा तासभर सुपरव्हायझरबरोबर बसतात, फी भरतात, मनमोकळं बोलतात, हलकं होऊन उठतात. आणि वर्षभरानंतरही वर्गात अगदी त्याच जागी अडखळतात. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: सुपरव्हिजनमध्ये आपण काय घेऊन जातो.

वर्गात काय झालं ते आठवून सांगणं

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक ही, म्हणून तिच्यापासून सुरुवात.

समजा, दुसऱ्या आठवड्यात बॉडी स्कॅन (शरीराच्या एकेका भागाकडे क्रमाने लक्ष नेण्याचा सराव) झाल्यावर एक काका म्हणाले, "आज काही जमलंच नाही. सारखे ऑफिसचे विचार येत होते." शिक्षिका म्हणाली, "हरकत नाही, विचार येणं हा मनाचा स्वभावच आहे," आणि पुढची तीन मिनिटं मन कसं चालतं ते समजावून सांगितलं. काका म्हणाले, "बरं." चर्चा पुढे सरकली.

सुपरव्हिजनमध्ये ही शिक्षिका काय सांगेल? "एका काकांना विचारांचा त्रास होत होता, मी त्यांना नीट समजावलं." ती खोटं बोलत नाहीये, तिला तसंच आठवतंय. पण रेकॉर्डिंग लावलं की ते "बरं" ऐकू येतं. दार बंद झाल्याचा तो आवाज आहे. त्यानंतर काका त्या सत्रात पुन्हा बोलले का? पुढच्या आठवड्यात आले का? हे प्रश्न रेकॉर्डिंगमुळेच पुढे येतात.

सरावानंतरच्या या संवादाला इन्क्वायरी म्हणतात. तिचा एक साधा क्रम आहे. आधी प्रत्यक्ष काय जाणवलं ते, मग त्या जाणिवेशी आपण कसे वागलो ते, आणि शेवटी त्याचा रोजच्या जगण्याशी संबंध. काकांना विचारता आलं असतं: "मन ऑफिसकडे गेलंय हे कधी लक्षात आलं? त्या क्षणी शरीरात काही जाणवलं? मग काय केलंत?" शिक्षिकेला हा क्रम पाठ आहे, प्रशिक्षणात तिने तो चांगला केलाही असेल. मग इथे सुटला कसा? खरं सुपरव्हिजन या प्रश्नापासून सुरू होतं. काका "जमलं नाही" म्हणाले तेव्हा तिच्या छातीत काहीतरी आवळलं का? बाकीचे दहा जण ऐकताहेत, कोर्सचा उपयोग नाही असं त्यांना वाटेल, अशी भीती आली का? ती भीती जाणवली असती, तर कदाचित तीन मिनिटांचं व्याख्यान झालं नसतं. हे तिच्याकडून शब्दांत येण्याआधी शरीरात सापडतं. म्हणूनच माइंडफुलनेसच्या सुपरव्हिजनची बैठक दोन-चार मिनिटं शांत बसून सुरू होते आणि मध्ये मध्ये थांबत जाते. वेळ वाचवायला ही सुरुवात गाळली, तर उरतो तो फक्त कामाचा आढावा.

करायचं काय? दर बैठकीला दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग न्या, आणि जिथे ऐकताना नकोसं वाटतं तोच तुकडा निवडा. पूर्ण अडीच तासांचं सत्र पाठवू नका. ते ऐकायला कोणाला वेळ नसतो, आणि नेमका क्षण शोधण्याचं आपलं कामही आपण दुसऱ्यावर ढकलतो. वर्ग समोरासमोर असेल तर फोन आपल्याजवळ ठेवा. ऑनलाइन असेल तर लोकांचे चेहरे टिपण्यापेक्षा वेगळ्या फोनवर फक्त आवाज घ्या. सहभागींची लेखी संमती पहिल्या सत्राआधी घ्या: रेकॉर्डिंग कशासाठी, कोण ऐकणार, कधी पुसणार हे स्पष्ट लिहा, आणि नाही म्हणण्याची मोकळीक खरोखर द्या. एकानेही नकार दिला तर त्यांच्या बोलण्याच्या वेळी रेकॉर्डिंग बंद करा.

ऐकताना सगळंच तपासायला गेलं की काहीच हाती लागत नाही. बँगोर, एक्सेटर आणि ऑक्सफर्ड या विद्यापीठांतल्या शिक्षकांनी मिळून शिकवण्याच्या मूल्यमापनाचे निकष तयार केले आहेत. त्यांत सहा क्षेत्रं आहेत: सत्राची आखणी आणि वेग, नातं जोडण्याचं कौशल्य, शिक्षकाच्या वागण्या-बोलण्यात उतरलेली सजगता, सरावाचं मार्गदर्शन, इन्क्वायरी आणि विषय पोहोचवणं, आणि गटाला सांभाळणं. एका वेळी यातलं एकच घ्या. आणि हे निकष परीक्षेसाठी बनले असले तरी सुपरव्हिजनमध्ये गुण मागू नका. "मी कोणत्या पातळीवर आहे?" असा प्रश्न आला की शिक्षक आपली चांगली बाजू दाखवायला लागतो आणि पुढच्या वेळी सोपा तुकडा घेऊन येतो.

सहभागीला होणारा त्रास उशिरा सांगणं

इथे चुकलं तर किंमत आपण मोजत नाही, समोरचा माणूस मोजतो.

ध्यानाने प्रत्येकाला बरंच वाटतं असं नाही. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ध्यान करणाऱ्यांनी सांगितलेल्या अवघड अनुभवांचे 59 प्रकार नोंदवले आहेत. झोप उडणं, भीती, जुन्या प्रसंगांच्या आठवणी उसळणं, स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं अशा गोष्टी त्यांत येतात. वर्गात हे फार साध्या शब्दांत येतं. "श्वासाकडे लक्ष दिलं की घाबरायला होतं." "बॉडी स्कॅन करताना पोटापाशी आलं की मी उठून जाते." काही जण काही न बोलता यायचे थांबतात.

महाराष्ट्रात याला आणखी एक पैलू आहे. आपल्याकडचे अनेक शिक्षक विपश्यनेतून आले आहेत. इगतपुरीचं केंद्र आपल्या घराजवळचं, दहा दिवसांचं शिबिर अनेकांच्या आयुष्याला वळण देणारं. अस्वस्थता आली तरी समता ठेवून पाहत राहायचं, हे तिथे शिकलेलं अंगात मुरलेलं असतं, आणि ते मोलाचं आहे. पण त्या शिबिराभोवती पूर्ण व्यवस्था असते. प्रवेशअर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात, सहायक आचार्य जागेवर असतात, साधक दहा दिवस तिथेच राहतो. आपला सहभागी मात्र संध्याकाळी साडेआठला वर्ग संपला की लोकल पकडून एकटा घरी जातो. त्याला "जे येतंय ते फक्त पाहा" एवढंच सांगून पाठवणं बरोबर नाही. ही सवय आपल्या मार्गदर्शनात कुठे डोकावते, ते सुपरव्हायझरला मुद्दाम शोधायला सांगा.

त्रास दिसला की वर्गातच करायच्या गोष्टी साध्या आहेत. डोळे उघडायला सांगा, पाय जमिनीवर टेकवून तळव्यांचा स्पर्श जाणवू द्या, खोलीतले आवाज ऐकू द्या, सराव छोटा करा, हवं तर चालू द्या. श्वासाऐवजी हात किंवा आवाज हा आधार निवडायची मुभा पहिल्याच सत्रात सगळ्यांना द्या, म्हणजे कोणाला वेगळं पडल्यासारखं वाटत नाही. सत्रानंतर त्यांच्याशी एकट्याने बोला.

आणि महिन्याच्या बैठकीची वाट पाहू नका. सुपरव्हायझरशी करार करतानाच ठरवून घ्या की अशा वेळी चोवीस तासांत सुपरव्हायझरला फोन करता येईल. जिवाला धोका वाटत असेल तर आधी घरचे, डॉक्टर आणि 14416 ही टेली-मानस हेल्पलाइन (ती मराठीतही बोलते), मग सुपरव्हायझर. हा क्रम उलटा होता कामा नये. माणसं वाचवायला सुपरव्हिजन नसतं. अशा प्रसंगातून गेलेल्या शिक्षकाला सावरायला आणि पुढची पावलं नीट ठरवायला ते असतं. कोर्सआधीच्या फॉर्ममध्ये सध्याचे उपचार, अलीकडचा मोठा आघात, आत्महत्येचे विचार आणि व्यसन यांबद्दल विचारलं आहे ना, हेही पहिल्याच बैठकीत सुपरव्हायझरला दाखवा. कोणाला आत्ता न घेता नंतर या असं सांगायचं, हा निर्णय एकट्याने घेणं जड जातं.

सुपरव्हायझर निवडताना

उत्तम समुपदेशक, पण माइंडफुलनेसचा गट कधी शिकवलेला नाही. किंवा वीस वर्षांची साधना, पण आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाशी ओळख नाही. दोघेही आदरणीय, आणि या कामासाठी दोघेही अपुरे. ज्याने हा अभ्यासक्रम स्वतः अनेकदा शिकवला आहे, जो आजही सराव करतो आणि ज्याला स्वतःलाही सुपरव्हिजन आहे, असा माणूस हवा. "तुम्ही कोणाकडे सुपरव्हिजन घेता?" हे विचारताना संकोच करू नका. चांगल्या सुपरव्हायझरला हा प्रश्न आवडतो.

ज्या संस्थेकडून आपल्याला बॅचेस मिळतात, तिच्या प्रमुखांनाच सुपरव्हायझर करणं टाळा. पुढची बॅच ज्यांच्या हातात आहे त्यांच्यापुढे "गेल्या सत्रात गट माझ्या हातातून सुटला" हे कोण म्हणेल? आपल्याकडे यात गुरुजनांबद्दलच्या आदराचीही भर पडते. आपल्याला घडवणाऱ्या ताई किंवा सर समोर असले की मान डोलवणं आपोआप होतं. न पटलेलं बोलून दाखवता येत नसेल, तर त्यांच्याशी गुरू म्हणून नातं जपा आणि सुपरव्हिजन दुसरीकडे घ्या.

गटातली सल्ल्यांची सरबत्ती

एकट्याची फी परवडत नाही म्हणून चार-पाच जणांनी मिळून सुपरव्हिजन घेणं ही चांगलीच सोय आहे. ते बिघडतं एका ठरलेल्या पद्धतीने. एकाने अडचण मांडायची आणि बाकीच्यांनी "मी असतो तर" म्हणून उपाय द्यायचे. मांडणारा निमूट लिहून घेतो आणि पहिल्यापेक्षा जास्त गोंधळून जातो. उपाय सोपा आहे. मांडून झालं की एक मिनिट शांतता. मग प्रत्येकाने फक्त एवढंच सांगायचं की ऐकताना मला काय जाणवलं. सल्ला मांडणाऱ्याने मागितला तरच.

गटात नावं घेऊ नका, आणि नाव न घेताही ओळख पटेल असे तपशील गाळा. "हिंजवडीतल्या अमुक कंपनीतली, नुकताच घटस्फोट झालेली टीम लीडर" एवढं पुरेसं असतं. पुणं तसं लहानच आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर सहभागीचा विषयच नको.

कंपनीचा एचआर विचारतो तेव्हा

"कोणाला जास्त ताण आहे, जरा कळवाल का?" हा प्रश्न हमखास येतो, आणि तो बहुधा चांगल्या हेतूनेच विचारलेला असतो. उत्तर ठरवायची वेळ मात्र त्याआधीची आहे. किती जण आले एवढंच कळवू, कोण काय बोललं ते नाही, हे कंपनीशी झालेल्या करारात असू द्या. कोर्स आठ आठवड्यांऐवजी चार दुपारच्या सुट्ट्यांत बसवून द्या, अशीही मागणी येते. ती घ्यायची की नाही, घेतली तर त्याला काय नाव द्यायचं आणि काय वचन द्यायचं नाही, हे सुपरव्हिजनमध्ये न्यायचे विषय आहेत. बरेच शिक्षक ते "धंद्याचं" म्हणून बाहेर ठेवतात. पण शिकवण्यातला प्रामाणिकपणा आधी इथेच पणाला लागतो.

स्वतःच्या सरावाबद्दल गप्प राहणं

शिकवायला लागल्यावर स्वतः ध्यानाला बसणं कमी होतं, हे जवळजवळ सगळ्यांच्या बाबतीत घडतं. आठवड्यात तीन वर्ग घेतले की तोच सराव झाला असं वाटतं. मार्गदर्शन करताना आपलं अर्धं लक्ष घड्याळाकडे आणि गटाकडे असतं, असायलाच हवं, म्हणून तो आपला सराव नव्हे. सरावात खंड पडला असेल तर तो सुपरव्हायझरला सांगा, आणि मुलाची बारावी, आईचं आजारपण असं जे कारण असेल तेही सांगा. आयुष्यात दुःखाचा काळ चालू असताना बॅच पुढे ढकलावी का, हा सुपरव्हिजनमध्ये विचारायचा अगदी रास्त प्रश्न आहे. मात्र प्रत्येक बैठक आपल्याच दुःखाभोवती फिरू लागली, तर थेरपिस्टकडे वेगळी वेळ घ्या. दोन्ही कामं एकाच तासात नीट होत नाहीत.

सुपरव्हायझरला मराठी येत नसेल तर

मराठीत शिकवणाऱ्यांची ही खरी अडचण आहे. अनुभवी सुपरव्हायझर इंग्रजीत भेटतात, वर्ग मराठीत होतो. भाषांतर करून सांगितलेल्या इन्क्वायरीत शब्द पोहोचतात, पण "पाठ ताठ करा, डोळे मिटा" म्हणताना आवाजात आलेली शाळामास्तरांची जरब पोहोचत नाही. आजींना उत्तर देताना आलेला जास्तीचा गोडवाही हरवतो. तरी रेकॉर्डिंग न्याच. आवाजाचा वेग, थांबण्याच्या जागा, कोण कोणाला तोडतंय हे भाषा न येणाऱ्यालाही ऐकू येतं. सोबत दहा मिनिटांचा संवाद शब्दशः इंग्रजीत लिहून द्या. लिहिता लिहिताच निम्म्या गोष्टी आपल्या आपल्याला दिसतात. आणि मराठीत शिकवणाऱ्या दोन-तीन जणांचा छोटा गट करून दोन महिन्यांतून एकदा एकमेकांची मार्गदर्शनं ऐका. तिथे विषय फक्त भाषेचा आणि सुराचा ठेवा. सहभागींचे प्रसंग सुपरव्हायझरकडेच न्या.