अक्रोपोलिस चढायचं कुठून आणि बघायचं कुठून

अथेन्सच्या अक्रोपोलिसला, म्हणजे टेकडीवरच्या प्राचीन गडाला, दोन प्रवेशद्वारं आहेत. बहुतेक लोक पश्चिमेच्या मुख्य दाराशी रांग लावतात. टूर बसची गर्दीही तिथेच. आग्नेयेचं दार 'अक्रोपोली' मेट्रो स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर आहे. तिथून शिरलात तर डायोनिससचं नाट्यगृह वाटेतच बघून होतं आणि चढही टप्प्याटप्प्याने येतो. तिकीट ठरावीक वेळेचं मिळतं, ते ऑनलाइन आधीच काढा आणि सकाळचा पहिला स्लॉट घ्या. वर सावली जवळजवळ नाही. कडक उन्हाळ्यात उष्णतेची लाट आली तर दुपारी काही तास स्थळ बंदही ठेवतात.

बूट मात्र विचार करून घाला. प्रोपिलेयापाशी, म्हणजे गडाच्या प्राचीन महाद्वारापाशी, संगमरवर लाखो पावलांनी घासून आरशासारखा झालाय, कोरडा असतानाही पाय सटकतो. गुळगुळीत तळाच्या चपला नकोतच, खाचा असलेला रबरी सोल हवा. मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत.

वरच्या मुख्य मंदिराचा, पार्थेनॉनचा (बांधकाम इ.स.पू. ४४७ ते ४३२) फोटो मात्र वरून चांगला येत नाही, फार जवळ असता, शिवाय अनेकदा दुरुस्तीच्या परांचीही दिसतात. त्यासाठी संध्याकाळी नैऋत्येची फिलोपापोस टेकडी गाठा. तिकीट नाही, पाइनच्या झाडांमधून पायवाट आहे, आणि मावळतीचं ऊन थेट मंदिराच्या पश्चिम बाजूवर पडतं. जवळच्या अरिओपॅगस खडकावर गर्दी जास्त. तिथे चढताना जुन्या कोरीव पायऱ्या टाळून लोखंडी जिना वापरा.