माळव्यातला वसंत आणि घरची बाग : फेब्रुवारी-मार्चसाठी सल्ला

इंदुरात वसंत थोडकाच असतो. वसंत पंचमीनंतर रात्रीचा गारवा ओसरू लागतो आणि रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते तोवर दुपारचे ऊन चटके देऊ लागते. एवढ्या अवधीत बी मातीत पडले, तरच उष्ण वारे सुटण्यापूर्वी मुळे खोल जातात. म्हणून फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भेंडी, गवार, चवळी, काकडी, दुधी, दोडका आणि गिलके यांची लागवड उरकावी. भेंडीचे बी रात्रभर भिजवून ४५ × ३० सेंटिमीटर अंतरावर टोकावे. साधारण ५० दिवसांत पहिली तोडणी मिळते.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. ती वाफशावर, म्हणजे फार ओली नाही आणि फार कोरडीही नाही अशी असतानाच खणावी. कुंडीत मात्र नुसती काळी माती न भरता तितकीच वाळू आणि तितकेच कंपोस्ट मिसळावे. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात याच शहरात पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचा ढीग रचून, तो अधूनमधून पालटून, सुमारे ३ महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. शेतीच्या जगात ती ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. त्या इंदुरात पानगळीचा पाचोळा जाळला जावा, हे मनाला पटत नाही. आता रचलेला ढीग पावसाळी लागवडीच्या आत तयार होतो.

वेलांना फुले येतात, पण कोवळी फळे पिवळी पडून गळतात, अशी तक्रार पुष्कळांची असते. बहुधा तेथे परागीभवन झालेले नसते. काकडी, कारले व गिलके यांची फुले सकाळी उमलतात, तर दुधी व दोडक्याची सायंकाळी. त्या वेळी नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावेत. देठाशी इवलेसे फळ दिसते, ते मादी फूल. दिवेलागणीला दुधीची पांढरीशुभ्र फुले उघडताना पाहणे हा घरच्या बागेतला फार मोठा आनंद आहे, आणि मुलांना तो अवश्य दाखवावा. वाफ्याच्या कडेने झिनिया व सूर्यफूल लावल्यास मधमाश्या येतात आणि काकडीचे काम त्याच करतात.

गुलाबाच्या कळ्यांवर या दिवसांत मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, पडतो. लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल व थोडे साबणाचे पाणी ढवळून फवारावे, मात्र उमललेल्या फुलांवर फवारू नये. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या दिसल्या, तर ते झाड लगेच उपटावे. पांढरी माशी हा रोग शेजारच्या झाडांवर नेते. मोगऱ्याची छाटणी राहिली असल्यास आताच करून शेणखत द्यावे.

पाणी सकाळी, बुंध्याशी द्यावे आणि आळ्यात पाचोळ्याचे आच्छादन घालावे. झेंडू, फ्लॉक्स, कॅलेंडुला यांची उत्तम फुले झाडावरच वाळू देऊन बी सावलीत सुकवावे व कागदी पाकिटात नाव घालून ठेवावे.