आर्द्रात लावलेली काडी: पालवी फुटली, पण मुळं धरली का?

मृगाच्या सरींनी जमीन भिजली आणि आर्द्रा लागलं, की मोगरा, जास्वंद, तगर, अनंत यांच्या काड्या लावायचे दिवस येतात. उन्हाची झळ सरलेली असते, हवा दमट असते, त्यामुळे काडीतलं पाणी झपाट्याने उडत नाही. जूनअखेर ते जुलै हा काळ छाट कलमाला उत्तमच. तरी पावसात लावलेल्या काड्या मरतात, आणि बहुतेक वेळा सुकून नव्हे, सडून मरतात.

वरचे डोळे फुटले म्हणजे काडी लागली, असं समजू नका. डोळे फुटतात ते काडीत साठलेल्या अन्नावर. तोवर खाली एकही मूळ नसू शकतं. आठ-दहा दिवसांत पालवी दिसली की कुंडी उन्हात नेली जाते, पाणी वाढतं, वर मूठभर शेणखतही पडतं. मग पालवी एकाएकी मान टाकते. अशी काडी उपटून बघा. बुडाशी ती काळी पडलेली असते, चिमटीत धरली की साल सुटून हातात येते आणि आंबूस वास येतो. जगणाऱ्या काडीची साल घट्ट असते. कापाच्या कडेला पांढुरका, खडबडीत फुगवटा धरलेला असतो आणि पुढे त्याच्या आसपास किंवा जवळच्या डोळ्यापाशी मुळं निघतात. जास्वंदीला साधारण चार ते सहा आठवडे द्या, मोगऱ्याला त्याहून थोडे जास्त. तेवढे दिवस हात आवरणं हीच खरी मशागत.

काडी घ्यायची ती निरोगी झाडाची, शक्यतो सकाळी. अगदी कोवळा शेंडा कुजतो, जून जाड लाकूड मुळं धरायला फार वेळ लावतं; मधली, पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्या. लांबी 15 ते 20 सेंटिमीटर, डोळे तीन-चार. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ घ्या, वरचा डोळ्याच्या सेंटिमीटरभर वर तिरका. तिरक्या कापावर पावसाचं पाणी थांबत नाही आणि काडी उलटी खोवली जात नाही. सिकेटरला, म्हणजे फांद्या छाटायच्या कात्रीला, धार हवी. चेचलेली साल म्हणजे बुरशीला उघडं दार. फुलं आणि कळ्या काढून टाका, मोह झाला तरी. खालची पानं काढा, वरची दोन ठेवा, मोठी असतील तर अर्धी कापा. अंजिराची काडी असेल तर चीक पुसून मगच लावा, आणि तो हाताला लागू देऊ नका, कातडी चुरचुरते.

माध्यमात, म्हणजे काडी ज्यात खोवायची त्या मिश्रणात, सगळ्यात जास्त चुका होतात. बागेतली काळी माती पावसात चिकट गोळा होते, काडीच्या बुडाला हवा मिळत नाही. निम्मं धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मी जाड वाळू पुरे. शेणखत या टप्प्यावर नकोच. मुळंच नाहीत तर ते खाणार कोण? मिश्रण मुठीत दाबलं तर गोळा व्हावा आणि एखाद-दुसराच थेंब गळावा. पिशवीला तळाशी भोकं पाडा. आधी काटकीने खड्डा करून मगच काडी घाला, निदान दोन डोळे आत जातील इतकी, आणि भोवताली दाबून घ्या.

मुळं फुटायची पावडर, म्हणजे आयबीए, उपयोगी आहे, विशेषतः अंजीर-डाळिंबासारख्या टणक काड्यांना. ओलं बूड त्यात टेकवा, जास्तीची झटका. जास्त लावली तर बूड जळतं. कोरफडीचा गर लावायला हरकत नाही, पण पावडरीइतका भरवसा त्यावर ठेवू नका. आणि माध्यम चिकट असेल तर दोन्ही फुकट.

पिशव्या उघड्या पावसात ठेवू नका. कोकणात, घाटमाथ्यावर तर मुळीच नको. छपराखाली, पडवीत, उजेड येईल पण ऊन लागणार नाही अशा जागी ठेवा. देशावर पावसाने ताण दिला तर वर पारदर्शक पिशवी किंवा कापलेली बाटली उपडी घाला आणि रोज सकाळी थोडा वेळ उघडा. झाकलेल्या काडीवर थेट ऊन पडलं तर ती आत उकडून निघते. पाणी वरचा थर सुकू लागला तरच. काळी पडलेली काडी माध्यमासकट फेका, शेजारच्या वाचतील.

आंब्याच्या, चिकूच्या काड्यांवर वेळ घालवू नका. आंब्याला कोय कलम, म्हणजे कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर बांधलेलं कलम, आणि चिकूला रायनीच्या (खिरणीच्या) रोपावरचं कलम हेच बरं.

मुळं आली का हे काडी उपटून बघू नका. हळूच ओढा, जमिनीने धरून ठेवल्यासारखी वाटली, की तळाच्या भोकांकडे लक्ष ठेवा. पांढरी मुळं दिसली की माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत भरलेल्या मोठ्या पिशवीत मुळांभोवतीचा गोळा न मोडता हलवा. पहिले आठ-दहा दिवस सावलीतच, मग सकाळचं कोवळं ऊन. जमिनीत लावायची घाई असेल तरी नवी दोन-तीन पानं नीट पसरेपर्यंत थांबा.